वेळेवर, उशिरा, रद्द

‘पान चौऱ्याण्णव. नायक दुपारी एकच्या लाँचने आमच्या धक्क्याला उतरला असं लिहिलं आहे. पान नव्वदवर आदल्या दिवशीची रामनवमी झाली, म्हणजे ही दशमी. दशमीला दुपारी एक वाजता खाडीत पाणी नसतं, चिखल असतो. म्हणजे नायक गुडघाभर चिखलातून आला. तसाच जाऊन त्याने नायिकेला मिठी मारली. तिने मारू दिली, याचं नवल वाटतं. रद्द.’

ही चिठ्ठी आमच्या वाचनालयातल्या एका प्रेमकथेच्या मागच्या कव्हराला आतून डकवलेली आहे. ती लिहिणारे गृहस्थ समीक्षक वगैरे नव्हते. तीस वर्षं ते धक्क्यावरच्या तिकिटाच्या खिडकीत बसले. हुद्दा तिकीट क्लार्कचा, पण सगळी खाडी त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. खिडकीशेजारी एक काळा फळा असायचा. लाँच सुटायच्या आधी मास्तर त्यावर खडूने तीनपैकी एक शब्द लिहायचे: वेळेवर, उशिरा किंवा रद्द. निवृत्त झाल्यावर फळा सुटला, खडू सुटला, ते तीन शब्द काही सुटले नाहीत. मास्तरांनी ते नव्या कादंबऱ्यांना लावायला सुरुवात केली.

चिठ्ठ्यांचा कागदही धक्क्यावरचाच. तिकिटं यंत्रातून निघायला लागल्यावर जुनी छापील तिकीटबुकं पडून राहिली होती, ती मास्तरांनी मागून घरी आणली. तिकिटाच्या पुढे ‘प्रौढ, एक फेरी’, मागे कादंबरीवरचं मत. मत लांबलं तर दोन तिकिटं. चार पिढ्यांच्या आणि सहाशे पानांच्या एका कौटुंबिक कादंबरीला मात्र एकच तिकीट पुरलं होतं: ‘पान सहाशे दोन. सगळे मेले. उशिरा.’

कुठल्याही नव्या कादंबरीवर पहिला हक्क त्यांचा. हा हक्क त्यांना कुणी दिला, ते मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. गावातल्या बायका पुस्तक हातात घेतलं की ते मागून उघडतात. चिठ्ठी नसेल तर परत फळीवर ठेवतात आणि मला विचारतात, “मास्तरांनी अजून पास नाही केली का गं?” हल्ली चिठ्ठीचा फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी फिरतो, पुस्तक मागाहून.

मी मूळची इथली नव्हे. उरणकडची, मिठागरावरच्या घरातली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बी. ए. झाले, वर ग्रंथपालनाचा कोर्स केला, आणि हे मी खाली मान घालून सांगत नाही. या वाचनालयात मला लावून घेतलं ते एक वर्ष हंगामी. वर्षानंतर कायम करायचं की नारळ द्यायचा, ते कमिटी ठरवणार होती. पहिल्याच दिवशी मी पदवीचं सर्टिफिकेट फ्रेम करून टेबलामागच्या भिंतीवर लावलं.

मास्तर आले. बारीक चणीचे, पांढरा हाफ शर्ट, मनगटावर एक घड्याळ आणि खिशात दुसरं. पुस्तकांकडे न बघता सरळ त्या फ्रेमपाशी गेले आणि सर्टिफिकेट पहिल्या अक्षरापासून कुलगुरूंच्या सहीपर्यंत ओठ हलवत वाचलं.

“खरी हाय?”

“खरी आहे.”

“मग सांग, आज भरती किती वाजता?”

मी मोबाईल काढला. मास्तर असे हसले की वर्तमानपत्र वाचणारे दोघं मान वर करून बघायला लागले.

“मिठागरावरची पोर आणि पाणी मोबाईलात बघते! वा गं ग्रॅज्युएट!”

त्या दिवसापासून माझं नाव ग्रॅज्युएट पडलं. संध्याकाळी रागारागाने बापूसला फोन लावला. तो म्हणाला, “त्यात काय हाय? तिथीची पाऊणपट कर. चतुर्थी तर तीनला पाणी भरलं. अष्टमी तर सहाला. तुझ्या आजीला येत व्हतं, आन् ती अंगठा उठवायची. कालेजात शिकवलं न्हाय का?” मी फोन ठेवला. पण त्या दिवसापासून रोज सकाळी पंचांग बघून पाऊणपट करायला लागले, मास्तरांना न सांगता.

वाचनालय दहाला उघडायचं. मास्तर पावणेदहाला पायरीवर. मला दोन मिनिटं उशीर झाला तर काही बोलायचे नाहीत, नुसतं आधी मनगटावरचं आणि मग खिशातलं घड्याळ बघायचे. मी एकदा विचारलं, “दोन कशाला, मास्तर?”

“एक चुकलं तर?”

“आणि दोघांत फरक पडला तर?”

“मग समुद्राकडं बघायचं.”

वाचायला बसायचे ते बाहेर उंडीच्या झाडाखालच्या दगडी बाकावर. बसायचे म्हणजे काय, आतल्या माणसांशी बोलत असायचे. मला खिडकीतून ऐकू यायचं: “अगं, नको जाऊ.” “सही करू नको रे, वाच आधी.” एकदा एकदम मोठ्याने ओरडले, “अरे बाबा, दार लाव!” मी धावत गेले. किहीमच्या एका बंगल्यातल्या भुताची कादंबरी होती, नुकतीच आलेली. त्या दिवशी घरी जाताना मला म्हणाले, “ग्रॅज्युएट, वळणापर्यंत चल जरा सोबत. पिशवी जड हाय.” पिशवीत ती एकच कादंबरी होती. तिच्या चिठ्ठीवर लिहिलंय: ‘पान एकोणसत्तर. भूत खरं आहे. रविवारी वाचावी, घरात माणसं असतात. वेळेवर.’

विज्ञानकथा आली, तिच्यात पान चाळीसवर शत्रूंनी चंद्र फोडून टाकला होता. मास्तर अस्वस्थ होऊन आत आले.

“चंद्र फोडला गं.”

“कथा आहे, मास्तर.”

“ते ठावं हाय. आता भरतीचं काय?”

पान ब्याण्णववर त्या लेखकाच्या समुद्राला भरती आली आणि नायिकेचं घर वाहून गेलं. झालं. ‘चंद्र नाही तर भरती कुठली? सूर्याची थोडी येते, पण तिने पायाचा अंगठा भिजतो, घर वाहत नाही. रद्द.’ पुण्याहून सुट्टीला आलेला एक इंजिनीअर ती चिठ्ठी वाचून बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला. शेवटी म्हणाला, “बरोबर आहे हो यांचं.” माझीच कॉलर ताठ झाल्यासारखं वाटलं.

रहस्यकथांवरून आमचं भांडण झालं. एका चिठ्ठीत मास्तरांनी लिहून ठेवलं: ‘पान एकसष्ट. खून धाकट्या जावयाने केला आहे. प्रेत त्याने सुकतीच्या पाण्यात सोडलं, म्हणजे त्याला वेळा माहीत होत्या. वेळेवर.’ सुकती म्हणजे उतरतं पाणी. तीन बायका पुस्तक न वाचता परत करायला आल्या. मी मास्तरांना बजावलं, “खुन्याचं नाव लिहायचं नाही.”

“का? पकडला जाऊ दे की लवकर.”

“लोकांना शेवटी कळायला हवं.”

“तवर आणखी दोन मरतात, ग्रॅज्युएट.”

शेवटी तडजोड झाली. पुढच्या रहस्यकथेला चिठ्ठी अशी: ‘खुनी कोण ते ग्रॅज्युएटने लिहू दिलं नाही. पहिल्या प्रकरणात जो चहा टाकून उठतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.’

यावरून कुणाला वाटेल की माणूस नुसता चुका काढायचा. तसं नव्हतं. मुंबईत लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्याची एक कादंबरी आली. कमिटीतले दोन जण ती घ्यायच्याच विरुद्ध होते. मी धास्तावून ती मास्तरांच्या हातात दिली. चौथ्या दिवशी आले ते डोळे लाल. ‘दोघंही चांगली आहेत. लग्न नाही केलं तरी चालेल, पण भांडताना एकमेकांचं ऐकावं. तो फोन तिने उचलायला हवा होता. वेळेवर.’ कमिटीतल्या त्या दोघांपैकी एकाने ती नंतर गुपचूप घरी नेली आणि दोनदा मुदत वाढवून घेतली.

आता मुख्य गोष्ट.

आमचे अध्यक्ष म्हणजे अलिबागच्या कोर्टात आयुष्य काढलेले वकीलसाहेब. पिढीजात नारळ-सुपारीची वाडी, घराला लांबलचक व्हरांडा. माणूस सज्जन, पण समुद्र त्यांनी व्हरांड्यातूनच पाहिलेला. सात वर्षं खपून त्यांनी ऐतिहासिक कादंबरी लिहिली. स्वतःच तीनशे प्रती छापून घेतल्या. प्रकाशन आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी ठरलं. एक प्रत माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, “मास्तरांना द्या. त्यांची चिठ्ठी समारंभात तुम्हीच वाचून दाखवा. लोकांना आवडतं ते.” जाता जाता दारात थांबून म्हणाले, “तुमच्या नेमणुकीची मीटिंगही त्याच आठवड्यात आहे, नाही का?”

धमकी नव्हती ती. सहज म्हणाले. पण सहज म्हटलेलंच जास्त लागतं.

मास्तरांना द्यायच्या आधी मी ती स्वतः वाचली. पान एकशे शहाऐंशीला मी अडले. नायक चाळीस निवडक माणसं घेऊन समुद्रातल्या किल्ल्यावर चालून जातो. चालून म्हणजे पायी, ओहोटीच्या वाटेने. कोजागिरीची रात्र, ठोक्याला बारा, आणि चांदण्याचं वर्णन चार पानं. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला पाणी काठोकाठ भरलं, तर बाराला ते अजून उतरायला लागलंय कुठे? त्यातून पौर्णिमेचं उधाण.

मला कळलं, आणि मी गप्प बसले. मास्तरांना पुस्तक देताना एवढंच म्हटलं, “मास्तर, जरा सांभाळून. माझी नोकरी आहे यात.”

दोन दिवस उंडीखालचा बाक रिकामा. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले, तर मास्तरांच्या बायकोने दारातच धरलं. “कसलं पुस्तक दिलंस गं? दोन दिवस धड जेवले न्हाईत. शेजारीण विचारून गेली, घरात कोण वारलं म्हणून!”

मास्तर ओटीवर बसले होते. चिठ्ठी तयार होती. ‘पान एकशे शहाऐंशी. कोजागिरी, रात्री बारा. चाळीस माणसं पाण्यात उतरली. चाळीसही बुडाली. पुढची दोनशे दहा पानं कोण लढलं, ते लेखकाने कळवावं. रद्द.’

“मास्तर, तुम्हाला सांगितलं होतं ना मी?”

“व्हय.”

“मग?”

“मग काय? पौर्णिमेला बारा वाजता त्या वाटेनं तुझ्या बापाला धाडशील?”

“कादंबरी आहे ती!” मी ओरडलेच. “कुणी खरं जाणार नाही. कुणी खरं बुडत नाही!”

मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काहीतरी घाण बोलले. “त्यातला एक सोळा वर्षांचा हाय. आईला सांगून पण आला न्हाय. तू वाचलंस ना?”

“वाचलं.”

“आन् खरं न्हाय मानलंस? मग वाचतेस कशाला, ग्रॅज्युएट?”

मी चिठ्ठी घेऊन परत आले.

पुढे मी जे केलं ते सरळ सांगते. मास्तरांनीच कधीतरी मला खुणेला म्हणून दिलेलं एक कोरं तिकीट टेबलात होतं. त्यावर त्यांच्यासारखं अक्षर काढून मी लिहिलं: ‘भाषा ओघवती आहे. प्रसंग रंगले आहेत. इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो. वेळेवर.’ खरी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. कायम व्हायचं होतं मला. मी कायम होणार म्हणून बापूसने गावात आधीच सांगून ठेवलं होतं.

समारंभाला वाचनालय भरलं. बापूस उरणहून इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि मागच्या रांगेत, नेमका मास्तरांशेजारी बसला. भाषणं झाली. साहेबांनी स्वतः पान एकशे शहाऐंशीवरचं चांदणं वाचून दाखवलं, छान वाचलं. मग माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले आणि माझी चिठ्ठी वाचली.

टाळ्या वाजायला हव्या होत्या. कुणीच वाजवल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या मासळी विकणाऱ्या एक काकी, आमच्या पक्क्या वाचक, त्यांनी विचारलं, “पान कंचं?”

“काय?”

“अगं, मास्तर आधी पान लिवतात. पान कंचं ते वाच की.”

एकेक मान मागे वळली. मास्तर उठले. मी मनात म्हटलं, संपलं. मास्तरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, चांगलं दोन श्वास भरून बघितलं, आणि म्हणाले, “ती चिठ्ठी अर्धी हाय. राहिलेली तोंडी सांगतो. साहेब, पान एकशे शहाऐंशी.”

आणि सांगितली. तिथी, पाऊणपट, उधाण, वाट, पाण्याची उंची, सगळं. लाँचच्या वेळा सांगाव्यात तशा सुरात. शेवटी म्हणाले, “तुमची चाळीस माणसं बुडाली, साहेब. मला वाईट वाटलं.”

साहेबांचा चेहरा उतरला होता, पण वकील होते, लगेच शरण गेले नाहीत. “मग काय करायचं म्हणता?”

“वद्य अष्टमी करा. सहाला भरती, बाराला सुकती. पाणी मांड्यांपर्यंत लागेल, थोडी भिजतील. पण पोचतील सगळी.”

“अहो, पण वद्य अष्टमीला चंद्र उगवतोच बाराला! चांदणं कुठून आणू मी? चार पानं आहेत चांदण्याची!”

मास्तर म्हणाले, “साहेब, चांदणं पायजे का माणसं पायजेत?”

साहेब माझ्याकडे वळले. “ग्रंथपाल, तुम्ही तर पदवीधर. तुमचं काय मत?”

मी मागच्या रांगेकडे बघितलं. बापूस बोटांवर मोजत होता. मोजून झाल्यावर त्याने मान हलवली, कुणाच्या मयताला बसल्यासारखी.

“माणसं,” मी म्हटलं.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग सांगितलं का नाही?”

“कायम व्हायचं होतं, साहेब.”

हसले की लोक! साहेब सोडून सगळे. आठवड्याच्या शेवटी मीटिंग झाली. साहेबांनी मला बोलावून निकाल सांगितला, अगदी कोर्टातल्यासारखा. “चूक तुम्हाला दिसली होती, तुम्ही झाकलीत. तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत ती सुधारली, की तुम्ही कायम. तोवर हंगामी.”

“आणि दुसरी आवृत्ती कधी?”

“पहिली संपली की.”

मास्तर पायरीवर वाट बघत होते. मी सांगितलं आणि तिथेच बसले. ते शेजारी टेकले. मग म्हणाले, “अक्षर बरं काढलं व्हतंस. पण मी जन्मात कधी ‘ओघवती’ लिहिलंय?”

“चुकलं, मास्तर.”

“किती प्रती ऱ्हायल्यात?”

“दोनशे ऐंशी.”

“चल मग.”

दुसऱ्या दिवसापासून निवृत्त तिकीट क्लार्क परत धक्क्यावर. आता तिथे रो-रो बोट लागते, मुंबईची माणसं गाड्यांसकट उतरतात. मास्तर कापडी पिशवीत दहा प्रती घेऊन उभे. कुणी विचारलं, “काका, कशी आहे कादंबरी?” तर मास्तर सांगायचे, “चुकीची हाय. पण घ्या.” माणूस थबकायचा. “यात चाळीस माणसं फुकट बुडाल्यात. ती वर काढायची तर ही आवृत्ती खपली पायजे.” निम्मे लोक हसत निघून जायचे, निम्मे घ्यायचे. घेणाऱ्याला वर दम: “आन् तुम्ही किल्ल्यावर जाणार असाल तर आज दुपारी दोनच्या आत परत फिरा.” मी इकडे वाढदिवसाला, बारशाला, रिटायरमेंटला तीच कादंबरी लोकांच्या गळ्यात मारत होते. मासळीवाल्या काकींनी टोपलीशेजारी थप्पी ठेवली. बापूसने पाच घेतल्या, आणि आमच्या घरात वाचणारी मी एकटी.

आठ महिने लागले. शेवटची प्रत साहेबांच्याच व्याह्यांनी घेतली.

दुसरी आवृत्ती घेऊन साहेब स्वतः वाचनालयात आले. चांदण्याची चार पानं त्यांनी काढली होती. म्हणाले, “सबंध प्रकरण अंधारात लिहिलं, आणि तेच बरं झालंय.” मग खिशातून लिफाफा काढून माझ्या हातात दिला. माझ्या नेमणुकीचं पत्र. कायम. मी ते तिथल्या तिथे तीनदा वाचलं आणि तशीच बाहेर धावले.

मास्तर उंडीखाली नव्या प्रतीत डोकं घालून बसले होते. ओठ हलत होते. मी पत्र त्यांच्या नाकासमोर धरलं. “मास्तर, झालं! कायम झाले मी!”

त्यांनी मान वर केली नाही. एक बोट तेवढं उचललं.

“थांब जरा. अजून चौघं पाण्यात हायत.”